संकष्टीची सुरमई

मेघना तांबेला दोन गोष्टी मुळीच खपत नसत. डीप फ्रीजरचं झाकण उघडं धरून 'काय बरं घ्यावं' असा विचार करत उभं राहणारं गिऱ्हाईक, ही एक. आणि 'असं म्हणतात हं' असं सुरू होणारं वाक्य, ही दुसरी. पहिल्याला ती हसून सांगायची, "काकू, झाकण लावा आणि मग सावकाश विचार करा, सगळी थंडी बाहेर चाललीय." दुसऱ्याला मात्र ती हसायची नाही. "कोण म्हणतं? नाव सांगा," असं थेट तोंडावर विचारायची, आणि समोरचा माणूस गडबडून मटारचं पाकीट घेऊन चालू पडायचा.

तर अशा बाईच्या दुकानावर त्या जुलैत 'असं म्हणतात'चा डोंगर कोसळला.

दुकानाचं नाव गारवा. कोपरला मधुमालती सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा. गाळा सोसायटीचा, करार दरवर्षी कमिटीने पुढे चालू करायचा. मेघना फूड टेक्नॉलॉजीची एम.एस्सी. तळोज्याच्या एका आयात कंपनीत ती कितीतरी वर्षं माल तपासायची. कंटेनर उघडला की जाडजूड जॅकेट घालून सगळ्यात आधी आत शिरणारी हीच. मग एक दिवस तिच्या मनाने घेतलं, दुसऱ्याचा माल किती दिवस तपासायचा? नोकरी सोडली, होतं नव्हतं ते तीन फ्रीजरांमध्ये घातलं आणि दुकान थाटलं. टेम्पो आला की ती आधी थर्मामीटरची सुई खोक्यात खुपसायची. काटा जरा वर दिसला की टेम्पो आल्या पावली परत. कल्याणचा डीलर तिला वैतागून म्हणायचा, "मॅडम, तुम्ही मासे घेताय की ताप बघताय?"

आणि जुलै म्हणजे तिच्या धंद्याचे दिवस. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर पालथ्या, बाजारात ताजी सुरमई दिसायची नाही. श्रावण तर दाराशी येऊन ठेपलेला. मासे खाणाऱ्या माणसाचा जीव अशा वेळी कसा कासावीस होतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मग परदेशातून थिजून आलेल्या सुरमईच्या तुकड्यांवर सगळ्यांच्या उड्या. पण उड्या मारल्या तरी मन साशंकच. आपल्या माणसाला मासा घ्यायचा म्हणजे कल्ला उचलून लाल आहे का बघायचा, अंगठ्याने दाबायचा, कोळणीशी दोन शब्द वाकडे बोलायचे, तेव्हा कुठे खात्री पटते. थिजलेल्या तुकड्याचा कल्ला कुठून उचलणार? जी गोष्ट दाबून बघता येत नाही तिच्यावर आपला विश्वास बसत नाही, मग ती सुरमई असो की जावई.

त्यात फोनवर तो निरोप फिरायला लागला. परदेशात लोकांनी नाकारलेला मासा आपल्या गळ्यात मारतात, मुडदे टिकवायचं औषध त्याला चोळतात, वर्षानुवर्षं ठेवतात, खाल्लं की आतडी सडतात. खाली हात जोडलेले, आणि 'निदान दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल'. पुण्य इतकं स्वस्त झाल्यावर कोण सोडतो! सोसायटीच्या ग्रुपवर तो निरोप एकाच दिवसात चौघांनी टाकला.

मेघनाने तिथल्या तिथे लिहिलं, "ज्याला शंका आहे त्याने दुकानात यावं. खोकं उघडून दाखवते, कागद दाखवते, माझ्या घरात तेच शिजतं तेही दाखवते." काही जण आले, बघून गेले, घेऊनही गेले. दुकान चाललं असतं. निरोपाचं काय, आज आला, उद्या दुसरा.

पण शनिवारी सकाळी ग्रुपवर सुमतीबाई कर्णिकांनी लिहिलं: 'आमच्या नातीला, अंतराला काल 'गारवा'मधली परदेशी सुरमई खाऊन विषबाधा झाली. सर्वांनी सावध राहावे.'

सुमतीबाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या लिहिण्यात कधी अनुस्वार चुकला नाही, मग बातमी कशी चुकेल? वर जातीच्या मासेखाऊ. 'आमच्यात मूल आधी काटा काढायला शिकतं, मग बोलायला' असं त्या स्वतःच सांगायच्या. त्यांनी सुरमईला विष म्हटलं म्हणजे विषय संपला.

तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी बाळकाका ग्रुपवर अवतरले. वय सत्तरीच्या घरात, पण नाव बाळच. बँकेतून रिटायर झाल्यापासून ठराव मांडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी जाहीर केलं की पुढल्या रविवारी पार्किंगमध्ये सभा, विषय एकच: 'गारवा'चा करार पुढे चालू ठेवावा की नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुकानात कुत्रं फिरकलं नाही. फ्रीजर घुमत होते आणि मेघनाची आई रंभा गल्ल्यावर बसून दाराकडे बघत होती. रंभाबाईंनी जन्मभर पालिकेच्या दवाखान्यात आयाचं काम केलेलं, माणसांचे चेहरे त्यांना पुस्तकासारखे वाचता यायचे. एक बाई दारापर्यंत आली, आत भिंतीवर लावलेल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं आणि मागे वळली. तीच बाई वर्षभर त्या फोटोखाली उभी राहून चिकन नगेट्स न्यायची.

"बघितलंस?" रंभाबाई म्हणाल्या. "यांना मासा नकोय का आपण नकोय, ते आधी बघ."

"आई, अंतराला उलट्या झाल्या त्या खऱ्या झाल्यात," मेघना म्हणाली. "आधी ते बघते. बाकीच्यांशी मग भांडू. वेळ काढून भांडू."

राग तिला आला नव्हता असं नाही. पण रागापेक्षा मोठा काटा तिला दुसरा टोचत होता. तो माल तिने स्वतः तपासलेला. त्याच खोक्यातली पाकिटं आणखी घरांत गेलेली, कोणाला साधी ढेकरही आली नव्हती. तिच्या घरी तर दोनदा खाल्लेली. मग पोरीला झालं काय? माझं चुकलं असेल तर मला कळलंच पाहिजे, आणि नसेल तर जगाला, असा तिचा सरळ हिशेब.

सोमवारी सकाळी ती कर्णिकांच्या दारात उभी राहिली. दार उघडलं आसावरीने, सुमतीबाईंच्या सुनेने. पोरीसाठी तिने रजा घेतलेली. आसावरी आणि मेघना एकमेकींना चांगल्या ओळखणाऱ्या, अगं-तुगं करणाऱ्या. आसावरीच्या चेहऱ्यावर क्षणभर अवघडलेपण आलं, पण तिने आत घेतलं. अंतरा हॉलमध्ये सोफ्यावर उड्या मारत होती. आजारी पोरगी कुठली, वानर होतं नुसतं.

"आता बरी आहे," आसावरी म्हणाली. "पण शुक्रवारी काय घाबरलेलो आम्ही! जेवण झाल्यावर तासाभरात तोंड लालबुंद, अंगावर पित्त उठलं, मग उलट्या. मी ऑफिसमधून धावत आलेले. डॉक्टर म्हणाले, खाण्यातून झालंय."

तोंड लाल, अंगावर पित्त. मेघनाच्या डोक्यात तिथेच घंटा वाजली. असा त्रास सुरमईच्या जातीतला मासा उबेला पडून राहिला की होतो. पण तिच्या फ्रीजरमधला मासा उबेला पडेल कसा?

"आजी आहेत?"

"आहेत ना, आत. जा तू."

सुमतीबाई ओट्यापाशी मेथी निवडत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ये. बस. पाणी घे. मी तुझ्याशी भांडलेली नाही हो, मी माशाशी भांडलेय."

"आजी, मासा बिचारा बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी आलेय," मेघना म्हणाली. "मला फक्त एवढं सांगा, पाकीट काढलं कधी, शिजवलं कधी. सगळं सांगा."

"चुकलं कुठे ते शोधायला आलीस होय?" सुमतीबाई हसल्या. माशाबद्दल कोणी विचारलं की त्यांना स्फुरण चढायचं. "ऐक तर. बुधवार म्हणजे आमच्याकडे मासे ठरलेले. सकाळीच पाकीट काढलं, परातीत घालून ओट्यावर ठेवलं. दुपारपर्यंत कसे छान सुटे झाले तुकडे. धुतले, हळद, मीठ, आगळ, आलं-लसणाचं वाटण, सगळं यथास्थित लावलं. आणि तेवढ्यात शेजारणीचा फोन. म्हणते, आज चंद्रोदय किती वाजता हो? मी म्हटलं, अगंबाई! कॅलेंडर बघते तर संकष्टी!"

त्यांनी कपाळाला हात लावून दाखवला.

"आता या घरात संकष्टीला मासा शिजणं शक्य नाही. आजवर झालं नाही, मी असेपर्यंत होणार नाही. तशीच परात उचलली, डब्यात घातलं सगळं आणि ठेवलं वर फ्रीजरमध्ये. गुरुवारी आमच्यात चालत नाही. शुक्रवारी काढलं, चांगला खरपूस तळला आणि पोरीला माझ्या हाताने काटे काढून वाढला. मीही एक तुकडा खाल्ला. जरा ओठ चुणचुणले, मला वाटलं मिरचीच जास्त पडली. आता सांग, यात कुठे चुकलं?"

चुकलं कुठे! मेघनाने तोंड उघडलंच होतं. सकाळपासून दुपारपर्यंत जुलैच्या उकाड्यात ओट्यावर पडलेली सुरमई, वर परत थिजवलेली, वर परत सोडवलेली. थिजलेले जंतू मेलेले नसतात हो, झोपलेले असतात. ऊब मिळाली की उठतात, वाढतात, मासा नासवतात. परत झोपवले म्हणून झालेली नासाडी भरून येत नाही. तळणीत जंतू मरतील, त्यांनी करून ठेवलेलं विष मरत नाही. हे सगळं तिच्या जिभेवर आलेलं होतं आणि अगदी जिंकल्याचा आनंद तिला झाला होता. सापडलं! माझा माल स्वच्छ आहे!

तेवढ्यात आसावरी दारात येऊन उभी राहिली.

"मेघना, ऐक ना. तुझी भाची जाते ते स्टेशनजवळचं पाळणाघर कसं आहे गं? मी आणि केदार बोलत होतो." तिचा आवाज उतरला, पण ओटा काही लांब नव्हता. "गेल्या महिन्यात आईंनी गॅस चालू ठेवलेला. त्याआधी अंतराला घरात ठेवून खाली भाजी घ्यायला गेलेल्या. आता हे. हे निदान बाहेरच्या माशाने झालं म्हणून, नाहीतर मी आजच पोरीला तिकडे घातलं असतं."

सुमतीबाईंनी मेथीची जुडी उलटी करून पुन्हा निवडायला घेतली. निवडून झालेली जुडी. त्यांचे हात चालत होते आणि मान खाली होती. मेघनाला त्या क्षणी तळोज्याच्या कंटेनरमध्ये शिरल्यासारखी थंडी वाजली.

तिने उघडलेलं तोंड मिटलं.

"पाळणाघर बरं आहे," ती म्हणाली. "बघून सांगते." आणि सरळ जिना उतरून दुकानात आली.

"मिळालं काही?" रंभाबाईंनी विचारलं.

"सगळं मिळालं." मेघनाने सगळं सांगितलं.

"मग बस झालं! टाक ग्रुपवर. तिने चार ओळी लिहिल्या, तू आठ लिही."

"टाकलं तर दुकान वाचेल, आई. पण त्या आजींकडून नात जाईल. वर चार लोक म्हणतील, म्हातारीने नातीला विष घातलं. तुला माहितीय लोक कसे बोलतात."

"आणि आपल्याला बोलतात ते?" रंभाबाई उसळल्या. "चोर सोडून संन्याशाला सुळी! तिचं म्हातारपण जपायला तुझं दुकान द्यायचं? पोरी, तोंड मिटून बसणाऱ्याचं भलं झालेलं मी तरी पाह्यलं नाही."

"तोंड मिटून बसणार आहे असं कोण म्हणालं? सभेत सगळ्यांना सांगेन. काय होतं, कसं होतं, कशाने होतं, शेवटपर्यंत. फक्त घर कोणाचं ते सांगणार नाही."

"आणि नाव विचारलं तर?"

मेघना वळली. ती फ्रीजरजवळ गेली, सुरमईची दोन पाकिटं काढली. एक परत आत ठेवलं आणि दुसरं दुपारपर्यंत टेबलावर सोडून दिलं. मग तेही आत घातलं. रंभाबाई बघत राहिल्या. लेकीने एकदा ठरवलं की तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे त्यांना कळून चुकलेलं होतं. पण तो आठवडा मेघनाला सोपा गेला असं कोणी समजू नये. रोज संध्याकाळी ती दुकानाचं शटर ओढताना वर दुसऱ्या मजल्याकडे बघायची आणि तिला आजींचा रागही यायचा आणि कीवही यायची, आणि आपल्याला कीव येते म्हणून स्वतःचाही राग यायचा.

सभेच्या रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. एरवी पाण्याच्या टाकीवर सभा असली की पंधरा माणसं जमायची, आज गर्दी ओसंडून लोक गाड्यांना टेकून उभे. बाळकाकांनी माईक हातात घेतला, तो किंचाळला, काकांनी त्याला झापलं आणि ठराव वाचला. सुमतीबाई पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या. शेजारी आसावरी. तिचा नवरा केदार गावाला गेलेला. अंतरा मागे पोरांबरोबर पळापळी खेळत होती.

"तांबे मॅडम, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"भरपूर म्हणायचंय," मेघना म्हणाली आणि दोन्ही पाकिटं घेऊन पुढे आली. माईक तिने घेतलाच नाही, तिला लागतच नव्हता. "ही दोन्ही एकाच खोक्यातली. एकाच टेम्पोने आलेली. हातात घ्या, बघा, पुढे द्या. कल्ले बघता येत नाहीत म्हणून तुमचा विश्वास बसत नाही ना? मग आज हे बघायला शिका."

पाकिटं हातोहात फिरली. एकातले तुकडे सुटे, कोरडे, हलवले की खुळखुळ वाजणारे. दुसऱ्यात सगळ्यांचा मिळून एकच गोळा, आणि कोपऱ्यात तांबूस बर्फ साचलेला.

"हे दुसरं मी मुद्दाम बिघडवलं. सोमवारी दुपारपर्यंत बाहेर ठेवलं आणि परत आत घातलं, बाकी काही नाही केलं. मुडद्याचं औषध नको, परदेशी कट नको. ओटा आणि उकाडा, एवढं पुरतं. हे मी आता तुमच्यादेखत फेकून देणार आहे, कारण हे खाल्लं की तोंड लाल होतं, पित्त उठतं, उलट्या होतात. कितीही तळा." ती थांबली. तिचा आवाज जरा खाली आला. "आणि ही चूक कोण करतं? आळशी माणूस नाही करत. नीट घर चालवणारी, वार पाळणारी बाई करते. मासा काढलेला असतो, आणि मग आठवतं, अरे, आज चालत नाही. टाकवत तर नाही. मग जातो परत फ्रीजरमध्ये."

पार्किंगमध्ये चुळबुळ झाली. बऱ्याच बायका एकदम आपापल्या पदराकडे नाहीतर ओढणीकडे बघायला लागल्या. आसावरी मात्र मेघनाकडे बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला. त्या बुधवारी मासे म्हणून सांगितलेलं आणि घरी गेल्यावर ताटात मोदक होते, हे तिला आठवलं असणार. तिने हळूच सासूकडे पाहिलं. सुमतीबाई हातातल्या त्या तांबूस पाकिटाकडे पाहत होत्या. ते त्यांनी पुढे दिलंच नव्हतं.

बाळकाका उठले. "म्हणजे तुमचं म्हणणं, दोष दुकानाचा नाही, कर्णिकांच्या घरचा?"

"मी कोणाच्या घराचं नाव घेतलेलं नाही."

"पण आजारी त्यांचीच नात पडली ना? मग सरळ सांगा की. त्यांच्या घरी असं झालं, असं तुम्हाला म्हणायचंय? हो की नाही?"

सगळ्यांच्या माना मेघनाकडे वळल्या. मागच्या रांगेतून रंभाबाई तिच्याकडे रोखून बघत होत्या. एक शब्द. 'हो' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तिने फ्रीजरांचा विचार केला, सोडलेल्या नोकरीचा केला, आणि कशी कोण जाणे, तिला ती दोनदा निवडलेली मेथी आठवली.

"मी नाव घेणार नाही, काका. तुम्ही शंभर वेळा विचारा."

"म्हणजे उत्तर नाही," बाळकाका समाधानाने म्हणाले. "उचलली जीभ लावली टाळ्याला! ठीक आहे. करार पुढे चालू ठेवू नये या बाजूचे, हात वर."

हात वर व्हायला लागले. आधी मागचे, मग मधले. काही हात शेजाऱ्याचा बघून वर होणारे. मेघना मोजत नव्हती. ती ताठ उभी होती आणि डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

"थांबा!" आसावरी उठली. तिचा आवाज चिरकला. "थांबा जरा. ते... ते मी केलेलं. आमच्याच घरी झालं. बुधवारी मी मासा काढलेला, संकष्टी आहे लक्षात आलं आणि मीच परत ठेवला. आईंना माहीतच नव्हतं. त्यांनी काढला आणि तळला. चूक माझी आहे, दुकानाची नाही."

वर झालेले हात वरच राहिले.  ही पोरगी धडधडीत खोटं बोलत होती, आणि का बोलत होती ते या पार्किंगमध्ये फक्त चौघींना कळत होतं.

आणि मग सुमतीबाई उठल्या.

"आसावरी, खाली बस."

"आई, तुम्ही..."

"खाली बस म्हणते ना. खोटं बोलायचं तर निदान पटेल असं बोलावं. लग्न होऊन दहा वर्षं झाली, संकष्टी कधी असते ते तुला दर महिन्याला मी सांगते. तू कसली मासा परत ठेवतेस!"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. सुमतीबाई सभेकडे वळल्या. वर्गात फळ्यासमोर उभ्या राहायच्या तशाच उभ्या होत्या, फक्त हातात खडूऐवजी ते पाकीट होतं.

"मी ठेवला. सकाळी काढला, दुपारपर्यंत ओट्यावर होता, संकष्टी कळली आणि माझ्या हाताने परत ठेवला. शुक्रवारी माझ्याच हाताने काटे काढून नातीला भरवला. वर ग्रुपवर लिहून या मुलीला विष विकणारी ठरवलं. आणि ही मुलगी सोमवारी माझ्या ओट्यापाशी बसून हे सगळं ऐकून गेली. तिला तेव्हाच कळलं होतं. आठवडाभर तिच्या दुकानात कोणी फिरकलं नाही आणि ही गप्प राहिली. आत्ता तुमच्यासमोर विचारलं तरी गप्प राहिली. मला मात्र हे पाकीट हातात येईपर्यंत अक्कल आली नाही." त्यांनी मेघनाकडे पाहिलं. "मेघना, माझं चुकलं. तुझ्या आईसमोर सांगते, सगळ्या सोसायटीसमोर सांगते, मला माफ कर."

मेघनाने मान हलवली. पाणी आलंच डोळ्यांत, थोपवून काही उपयोग झाला नाही.

"आणि आता जिने कधी संकष्टीला, नाहीतर गुरुवारी, काढलेला मासा परत फ्रीजरमध्ये ठेवला नाही," सुमतीबाई कडाडल्या, "तिनेच हात वर ठेवावा."

 मग बाळकाकांच्या बायकोने आपला हात खाली घेतला आणि शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे तर मागच्याच आठवड्यात ठेवलेला. यांनीच आठवण केली संकष्टीची." बाळकाकांचा माईक पुन्हा किंचाळला. धडाधड हात खाली आले. मागे रंभाबाई इतक्या मोठ्याने हसल्या की पोरं खेळायची थांबली.

ठराव बारगळला. लोक खुर्च्या सरकवत, एकमेकांना आपापल्या फ्रीजरच्या गोष्टी सांगत पांगायला लागले. तिघीचौघी मेघनाभोवती जमल्या, कसा सोडवायचा गं मग, रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवायचा का, असं विचारत. ती सांगत होती, पण कान तिचे पहिल्या रांगेकडे होते.

सुमतीबाई खुर्चीत बसल्या होत्या. ताठ बसणं आता जमत नव्हतं.

"पाळणाघराचं काय ते ठरवा दोघं," त्या सुनेला म्हणाल्या. "मी काही म्हणणार नाही. माझा हक्क गेला."

आसावरी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. तिला हुंदका आवरत नव्हता. "आई, मी खोटं बोलले ते तुमचा मान राहावा म्हणून. अंतरा तुमच्याजवळच राहावी म्हणून. मेघना परकी असून तुम्हाला सांभाळून घेत होती, मग मी तर घरची."

"कळलं ते मला," सुमतीबाई म्हणाल्या. "म्हणूनच तर मला खरं बोलता आलं."